प्रतापगडच्या जत्रेतला बारावा डाव

वर्षातून एकच डाव खेळायचा आणि स्वतःला बुद्धिबळाचा शौकीन म्हणवून घ्यायचं, हे जरा जास्तच झालं. पण जागेश्वरला तसं तोंडावर सांगणारं कोणी नव्हतं, कारण त्याच्या गावात बुद्धिबळ कशाशी खातात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीवर पट मांडला जायचा. जागेश्वर तरुणपणी तिथे वरकामाला होता. दोन मोठी माणसं खेळत बसली की हा खांबाला टेकून उभा राहायचा, आणि उभ्या उभ्याच खेळ शिकला. पुढे मालगुजार नागपूरला राहायला गेले, पटही त्यांच्यासोबत गेला. खेळ तेवढा जागेश्वरच्या डोक्यात राहिला. आता डोक्यात राहिलेल्या खेळाची पंचाईत अशी, की त्याला समोर माणूस लागतो.

तो माणूस त्याला सन अठ्ठेचाळीसच्या महाशिवरात्रीला गोंदियाकडच्या प्रतापगडच्या जत्रेत मिळाला होता. नंदलाल, गोंदियाचा बांगडीवाला. डोंगराच्या पायथ्याशी ताडपत्री ताणून त्याचं दुकान लागायचं आणि दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की तो पेटीतून कापडी पट काढायचा. जागेश्वर त्या वर्षी नारळ हातात घेऊन वर महादेवाला निघाला होता. पट दिसला आणि थांबला. महादेवाचं दर्शन त्या दिवशी संध्याकाळी झालं.

तेव्हापासून अकरा वर्षांत अकरा डाव झाले. यंदाचा बारावा.

यंदा मात्र जागेश्वर नुसता खेळायला आला नव्हता. त्याला नंदलालला एक गोष्ट सांगायची होती. त्याची बायको रुख्मा भादव्यात गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी संपली. ही गोष्ट त्याने अजून कोणालाच सांगितली नव्हती. लपवली होती असं नाही. गावाला सांगायची गरजच पडली नाही, गाव अंगणातच उभं होतं. तिच्या माहेरी धाकट्या भावाने माणूस पाठवला. सोयरे आले ते सगळं ऐकूनच आले, रडले, जेवले, गेले. कोणी "काय झालं?" असं विचारलंच नाही, कारण प्रत्येकाला माहीत होतं. सहा महिने झाले, ‘माझी बायको गेली’ हे तीन शब्द जागेश्वरच्या तोंडून एकदाही बाहेर पडले नव्हते. मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरात दोन वेळा ताट मिळत होतं, धानाच्या बांधीत काम होतं, पण संध्याकाळी ओसरीवर बसलं की जीव नकोसा व्हायचा. मग त्याच्या मनात आलं, जगात एक माणूस असा आहे की ज्याला हे माहीत नाही. त्याला सांगावं लागेल. तो विचारेल, काय झालं होतं? आणि आपण पहिल्यापासून सांगू.

या एका आशेवर त्याने माघ काढला. लाखोळीचं पीक उपटून झालं तसा गावच्या बैलगाडीत बसून निघाला, आणि शेवटचे दोन कोस गर्दीबरोबर पायी चालला. महादेवाचे आणि तिथल्याच दर्ग्याचे भाविक, सगळे एकाच धुळीतून चालले होते. जागेश्वर मनात शब्द जुळवत होता. आधी सांगावं की डावानंतर? आधी सांगितलं तर नंदलालचं खेळात लक्ष लागणार नाही, बिचारा. डावानंतरच बरं.

"आओ पटेल, आओ," नंदलाल लांबूनच ओरडला. त्याचे दोन्ही हात एका बाईच्या मनगटाशी गुंतले होते. "आलं तुमचं वरीस? बसा तिकडे पेटीवर. या बायांले भरून देतो न मंग आपण बसू."

जागेश्वर पेटीवर बसला. त्याला फार बरं वाटलं. नंदलाल होता तसाच होता, थोडा जाड, कपाळावर केशराचा टिळा, निम्मं हिंदी निम्मं झाडीपट्टीचं बोलणारा. बायका हात पुढे करत होत्या, तो हात दाबून बघायचा, माप न विचारता बांगडी काढायचा आणि गप्पा मारत मारत चढवायचा.

आता त्यांच्या खेळाची एक तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपला जुना देशी खेळ. यात प्यादं एकेकच घर सरकतं, त्यामुळे सुरुवात रेंगाळते. म्हणून पहिल्या चार चाली दोघांनी एकदम मांडून घ्यायच्या आणि मग खरा डाव सुरू करायचा, अशी तिकडची रीत. दुसऱ्या वर्षी नंदलालने जागेश्वरवर आळ घेतला, की तुम्ही माझं बघून मांडता. जागेश्वरला ते फार लागलं. तेव्हापासून दोघांच्या मध्ये दोन पेट्यांना बांधून एक दुपट्टा टांगायचा, त्याच्याआड ज्याने त्याने आपल्या चार चाली मांडायच्या आणि मग दुपट्टा काढायचा, असं ठरलं.

नंदलालच्या दृष्टीने ही एक गंमत होती. जागेश्वरचं वर्षच त्या दुपट्ट्याआड जायचं. समोरचं काही दिसणार नसेल तर मांडायचं कशाच्या जोरावर? माणूस ओळखूनच ना. नंदलाल काय मांडेल हे ताडायचं आणि त्याला उत्तर होईल असं आपण मांडायचं. त्यासाठी जागेश्वरने घरी सागाच्या सोंगट्या कोरल्या होत्या. धानाची रोवणी असो की मळणी, डोक्याच्या एका कोपऱ्यात नंदलाल बसलेला असायचा. अकराही वर्षांच्या मांडण्या त्याला तोंडपाठ होत्या. पन्नास साली त्याने स्वतः दोन्ही हत्तींपुढची प्यादी सरकवली होती, तर एक्कावन्नला नंदलालने नेमके दोन्ही घोडे बाहेर आणून ठेवले. त्रेपन्नला जागेश्वरने उजवा उंट काढला, तर चोपन्नला नंदलालने त्या उंटाची वाट प्याद्याने अडवली. छप्पन्न साली तर दुपट्टा निघाला आणि दोघांची मांडणी अगदी एकसारखी. त्या साली जागेश्वर महिनाभर हवेत होता. त्याला पक्कं कळून चुकलं होतं, की नंदलालही तिकडे गोंदियाला बसून त्याचा असाच विचार करतो. वर्षाला एक सवाल, वर्षाला एक जबाब. पत्र लिहायला दोघांनाही जमलं नसतं, हे जमत होतं.

हे सगळं ऐकायला घरात एकटी रुख्मा. ती सुपात तांदूळ पाखडत असायची आणि हा पट मांडून बसायचा.

"मंग तुमच्या नंदलालनं काय मांडलं?" ती विचारायची. हे तिने वर्षभरात चाळीस वेळा ऐकलेलं असायचं, तरी विचारायची. घोडा अडीच घरं जातो हे तिला पाठ झालं होतं. एकदा तिने विचारलं, "एखाद साली मी येऊ का जत्रेले? तुमचा नंदलाल पाहीन तरी." तर याने म्हटलं, "गर्दीत तू कायले? पुढच्या साली पाहू." ती पुन्हा सुपाकडे वळली. आणि मागच्या साली, वजीर लवकर बाहेर काढल्यामुळे हा सडकून हरून आला, तेव्हा ती सहज म्हणाली, "एखाद साल वजिराले घरीच राहू द्या ना. बिचारा दर वेळी जाते न मरते."

जागेश्वर तेव्हा हसला होता. बायकांना काय कळतं, असंही म्हणाला होता. पण यंदा त्याने ठरवलं होतं ते हेच. वजीर घरी. राजापुढचं प्यादं एक घर, वजिरापुढचं एक घर आणि दोन्ही घोडे बाहेर. नंदलाल विचारेल, पटेल, यंदा वजीर का नाही काढला? आणि तिथूनच गोष्ट काढता येईल. घरचीनं सांगितलं होतं म्हणायचं, आणि मग सांगायचं.

दुपार कलली. बायका देवळाकडे सरकल्या. नंदलालने हात पुसले, पट पसरला, दुपट्टा टांगला.

"मांडा," तो म्हणाला.

जागेश्वरने चारही चाली मांडल्या. पलीकडून नंदलालचा आवाज येत होता. कोणी म्हातारी काचेच्या दोन डझनांचा भाव विचारत होती, तो सांगत होता आणि मांडतही होता. मग त्याने दुपट्टा ओढून काढला.

जागेश्वरने समोर पाहिलं आणि तो चक्रावला. नंदलालने दोन्ही कडांची प्यादी एकेक घर सरकवली होती. बस. बाकी सगळी फौज जागच्या जागी. घोडे घरात, उंट घरात. चालींची मोजणी केली तर दोनच भरत होत्या.

त्याने मांडी बदलली. पुन्हा मोजलं. यात काहीतरी आहे. नंदलाल उगाच असं करणार नाही. दोन चाली सोडून दिल्या, म्हणजे त्याला सांगायचं आहे की तुम्ही या, मी थांबलो आहे. की पन्नास सालच्या माझ्या मांडणीची आठवण करून देतो आहे? तेव्हा मीच हत्तीपुढची प्यादी काढली होती. नऊ वर्षांनी ती मला परत दिली? जागेश्वर पटाकडे इतका वेळ बघत बसला, की नंदलालने मधल्या मध्ये म्हातारीच्या बांगड्या कागदात बांधून दिल्या.

"चला ना पटेल. झोपले का?"

"दोन चाली कुठं गेल्या?" जागेश्वरने हळूच विचारलं. उत्तर माहीत असल्यासारखा तो हसत होता.

"कोणत्या?"

"चार मांडाच्या होत्या. तुमच्या दोनच दिसून राहिल्या."

नंदलालने पटाकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि मोकळेपणाने हसला. "अरे हां. घोडा काढला होता बाहेर. मंग ते बुढी भाव विचारू लागली, तं मी तो परत ठेवला का काय. जाऊ द्या, यार. दोन चाली तुमाले माफ."

"अन् हे हत्तीपुढचे प्यादे? हे काऊन काढले?"

"काऊन म्हंजे? हात तिकडं गेला."

जागेश्वरने धीर करून विचारलं, "पन्नास साली मी हेच मांडलं होतं. म्हणून नाही ना?"

"पन्नास साली?" नंदलालचे डोळे मोठे झाले. त्यात थट्टा नव्हती, खरंखुरं नवल होतं. "मले मागच्या साली कोण जितलं ते आठवत नाही, पटेल. तुमी का मी?"

"तुमी."

"पाहा, मालूमच नाही." त्याने प्यादं पुढे सरकवलं. "मी सालभरात पंचवीस-तीस बाजार करतो. कोहमाऱ्याले एक डरायव्हर बसते माझ्यासंगं, आमगावले एक मास्तर बसते, तिकडं बालाघाटकडे दोघं हायत. टाइम चांगला जाते. कोण काय मांडते हे डोक्यात ठेवलं तं बांगड्या कवा विकीन?"

यात नंदलालचं काहीच चुकलं नव्हतं. जागेश्वरलाही ते कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. चुकलं असतं तर रागावता आलं असतं. त्याने घोडा उचलला आणि कुठे ठेवायचा ते न कळून परत तिथेच ठेवला. अकरा वर्षं तो एका माणसाशी बोलत होता आणि तो माणूस दुपट्ट्यापलीकडे बांगड्यांचा भाव सांगत होता. तेवढ्यात वाटेवरून एक फेटेवाला शेतकरी चालला होता. "आओ पटेल, आओ," नंदलालने त्यालाही हाक मारली, त्याच आवाजात, त्याच मायेने. त्या गृहस्थाने हात हलवला आणि तो पुढे गेला. नंदलालला आपलं नावसुद्धा माहीत नसावं, हे जागेश्वरच्या तेव्हा ध्यानात आलं.

डाव पुढे चालला. खरं सांगायचं तर बारा वर्षांतला जागेश्वरचा हा सगळ्यात चांगला डाव होता. वजीर घरात असल्यामुळे राजाला धक्का लागत नव्हता आणि दोन्ही घोडे नंदलालच्या उघड्या पडलेल्या मधल्या घरांत खुशाल फिरत होते. पंधराव्या-सोळाव्या चालीला नंदलालचा एक हत्ती गेला. वीसच्या आसपास राजा कोपऱ्यात सापडला. रुख्माचं म्हणणं खरं होतं, वजिराला घरीच ठेवायला हवं होतं. हे सांगायला त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. कोणाला सांगणार? ज्याला मागचा डाव आठवत नाही, त्याला माझी बायको पुढच्या बाजारापर्यंत तरी आठवेल का? नाही सांगायचं. त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"मात," तो म्हणाला.

"वा," नंदलालने पटावर हात आपटला. "आज तं तुमी खेळले, पटेल." मग त्याने जागेश्वरच्या तोंडाकडे पाहिलं. बांगडीवाल्याला तोंडं वाचता येतात, दिवसभर त्याचं तेच काम. "नाराज झाले का? मी आठवत नाही म्हणालो म्हणून?"

"नाही जी."

"झाले. माझं बोलनंच असं हाय. माझी घरवाली पन रोज सांगते." तो उठला, मागच्या फळीवरून हिरव्या काचेच्या बांगड्यांचा एक नवा तोडा काढला. फिरोजाबादचा माल होता, वर बारीक सोनेरी रेघ. "हे घ्या. वैनीसाठी. पैसे नका काढू, तुमी जितले ना आज. माप सांगा, मी काढून देतो."

दुकानापुढे तीन बायका येऊन बसल्या होत्या. नंदलालने त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि जागेश्वरकडे वळला.

नको म्हणून उठून जाणं सोपं होतं. जागेश्वर उठलाही असता. पण प्रश्न कानावर पडला तसं त्याचं तोंड उत्तर द्यायला आपोआप उघडलं, आणि आत काही सापडलं नाही.

"सव्वादोन का अडीच?" नंदलालने विचारलं.

एकतीस वर्षांचा संसार. बांगडीवाली बाई दारात आली की जागेश्वर उठून शेतावर जायचा, तो बायकांचा कारभार. रुख्मा पाखडायला बसली की बांगड्या वाजायच्या, तो आवाज त्याला आत्ताही हवा तेव्हा ऐकू येत होता. रंग आठवत होता. पण माप? त्याने अंगठा आणि बोट जुळवून एक गोल केला. मोठा वाटला. लहान केला. मग तोही खरा वाटेना. चोपन्न साली नंदलालने कुठलं प्यादं कुठे ठेवलं होतं, ते त्याने डोळे मिटून दाखवलं असतं.

"मालूम नाही," तो म्हणाला.

"नाही राहात मर्दाले मालूम. सगळ्यायचं तसंच हाय." नंदलालला यात काही विशेष वाटलं नाही. त्याने समोरच्या बायकांना म्हटलं, "बाई, हात करा जरा पुढं. तिघी पन." त्यांनी हसत हात पुढे केले. एकीचा हात भरलेला, एकीचा हाडांनी निघालेला, तिसरी कोवळी पोर. "आता सांगा, पटेल. यातला कोणता?"

जागेश्वर पटापुढे बसावं तसा त्या तीन हातांपुढे बसला. पहिला हात असेल का? लग्नात आली तेव्हा असेल. की दुसरा? शेवटी तापात तिचा हात धरला होता, तेव्हा तो केवढा होता? धरला होता ना? भावजय पाय चोळत होती, तो उशाशी होता, आणि हात... त्याला आठवेना. तो पहिल्याकडून दुसऱ्याकडे बघे, दुसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडे. बायकांचं हसू ओसरलं. लहानीने हात मागे घेतला.

"असं करा," नंदलाल म्हणाला, "पुढच्या साली वैनीलेच घेऊन या. मीच भरून देतो."

"ते गेली," जागेश्वर म्हणाला. "भादव्यात गेली."

बोलून टाकलं तेव्हा कुठे त्याला कळलं, की बोललो. सहा महिने जुळवलेले शब्द, आणि त्यातले एवढेच निघाले. नंदलालच्या हातातला तोडा तसाच राहिला. दुसऱ्या बाईने पदर सावरला. जागेश्वर मात्र थांबला नव्हता, त्याचे डोळे अजून त्या दोन हातांवरच होते, आणि बोटांचा गोल लहानमोठा होत होता.

"मंग काय पाहून राहिले, पटेल?" नंदलालने अगदी हळू विचारलं.

"माप आठवून राहिलो," जागेश्वर म्हणाला आणि त्या दुसऱ्या बाईला त्याने हात जरा वेळ तसाच ठेवायला सांगितलं.